हिरव्या खुणेचे चार अर्थ

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९.३९ वाजले होते. अमेरिकेतल्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक लहानशी फाइल पाठवली आणि थोड्याच वेळात जगभरातले पडदे निळे पडू लागले. बँका, रुग्णालयं, वृत्तवाहिन्या, विमान कंपन्या, सगळीकडे एकच कल्लोळ. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. सदोष फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर ज्या यंत्रांनी ती उतरवून घेतली होती त्यांतली बहुतेक आपली आपण सावरू शकत नव्हती. यंत्र सुरू व्हायचं, कोसळायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा कोसळायचं.

याच कंपनीचं सॉफ्टवेअर मॅकवर आणि लिनक्सवरही चालतं. त्या दिवशी त्यातलं एकही यंत्र या फाइलमुळे पडलं नाही. सरळ कारण असं की फाइल फक्त विंडोजच्या आवृत्तीसाठी होती. पण त्याच्या मागे दुसरं, खोलवरचं कारण आहे आणि या लेखाचा विषय तेच आहे. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा एजंट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळ्या जागी बसतो, वेगळे अधिकार घेऊन बसतो आणि त्याला वेगळ्या गोष्टी दिसतात.

एजंट म्हणजे आयटी विभागाने तुमच्या यंत्रावर बसवलेला, सतत मागे चालू असणारा प्रोग्राम. तो ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. आयटीवाले त्याला ‘चेक-इन’ म्हणतात. यंत्रावर काय काय आहे ते तो कळवतो आणि नवे हुकूम घेऊन येतो: हा पॅच टाक, ते सॉफ्टवेअर काढ, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का ते बघ. लॅपटॉप, मोबाइल, सर्व्हर, दुकानातलं बिलिंग मशीन, ही सगळी यंत्रं म्हणजे एंडपॉइंट. ती सांभाळणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून, मॅकच्या जगातलं जॅम्फ, एचसीएलचं बिगफिक्स, चेन्नईच्या झोहोचं एंडपॉइंट सेंट्रल. सुरक्षेच्या अंगाने याच क्षेत्रात काम करणारं पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइट. सगळ्यांच्या कन्सोलवर, म्हणजे आयटी विभागाच्या नियंत्रण-पडद्यावर, यंत्रांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक यंत्रासमोर हिरवी किंवा लाल खूण.

माझं म्हणणं असं की ती हिरवी खूण सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. विंडोजवरची हिरवी खूण, मॅकवरची, लिनक्सवरची आणि फोनवरची यांचे अर्थ निरनिराळे आहेत, आणि ते अर्थ एजंट बनवणारी कंपनी ठरवत नाही. ते ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम.

विंडोजपासून सुरुवात करू, कारण ऑफिसांमधली बहुतेक यंत्रं तीच. मायक्रोसॉफ्टचं पहिलं व्यवस्थापन सॉफ्टवेअर, सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर, १९९४ मध्ये आलं. पुढे त्याचंच कॉन्फिगरेशन मॅनेजर झालं. विंडोज २००० बरोबर ग्रुप पॉलिसी आली. कंपनीच्या नेटवर्कमधला प्रत्येक संगणक दर ९० मिनिटांनी नवे नियम विचारायला जातो आणि त्यात ० ते ३० मिनिटांचा सोडतीसारखा विलंब मिसळलेला असतो. हजारो यंत्रं एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभी राहू नयेत म्हणून केलेली ही सोय आजही तशीच आहे.

विंडोजवर सर्व्हिसेसची यादी उघडून पाहा. तुमच्या कंपनीच्या एजंटच्या ओळीत शेवटच्या रकान्यात बहुधा ‘लोकल सिस्टिम’ असं लिहिलेलं दिसेल. हे खातं कुणा माणसाचं नाही, आणि त्याचे अधिकार ॲडमिनिस्ट्रेटरपेक्षाही मोठे आहेत. एजंट एकदा ॲडमिनच्या परवानगीने बसला की पुढे त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. तो कुठलीही फाइल वाचू शकतो, कुठलंही सॉफ्टवेअर बसवू शकतो, विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीत काहीही बदलू शकतो.

एवढे अधिकार असूनही त्याला एक अंधारा कोपरा आहे, आणि आयटीतल्या नव्या मुलांना तो हमखास गोंधळात टाकतो. यंत्रावर कोणती सॉफ्टवेअर आहेत हे शोधायला एजंट रजिस्ट्रीतल्या यादीकडे जातो. ही यादी एका जागी नसते. ६४ बिटच्या प्रोग्रामांची वेगळी, ३२ बिटच्यांची वेगळी आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची आणखी वेगळी. बरीच ॲप्स हल्ली ॲडमिनला न विचारता फक्त त्या माणसाच्या फोल्डरमध्ये बसतात. एजंट चालतो ‘लोकल सिस्टिम’ म्हणून, त्यामुळे ‘चालू वापरकर्त्याची यादी’ असं विचारलं की त्याला त्या खात्याची, म्हणजे जवळजवळ रिकामी यादी मिळते. समोर बसलेली व्यक्ती जे ॲप दिवसभर वापरते ते कन्सोलवर दिसतच नाही. चांगला एजंट प्रत्येक वापरकर्त्याचा कप्पा मुद्दाम उघडून पाहतो. सगळे पाहत नाहीत.

दुसरी अडचण बोलण्याची. व्हिस्टापासून विंडोजने सर्व्हिसेसना माणसाच्या पडद्यापासून तोडलं. मागे चालणारी सर्व्हिस पडद्यावर ‘दहा मिनिटांत रीबूट होणार आहे, काम सेव्ह करा’ अशी खिडकी थेट दाखवू शकत नाही. म्हणून बहुतेक एजंट जोडीने येतात: एक मागचा, सर्वाधिकारी, आणि दुसरा घड्याळाशेजारी चिन्ह होऊन बसणारा, फक्त बोलण्यापुरता. चिन्ह दिसतंय म्हणजे मागचा प्रोग्राम धड चालू आहे असं समजू नये. दोघे स्वतंत्र आहेत आणि एक मेला तरी दुसरा जिवंत राहू शकतो.

आता पुन्हा १९ जुलैकडे. क्राउडस्ट्राइकचा विंडोजवरचा एजंट ‘लोकल सिस्टिम’च्याही खाली, थेट कर्नलमध्ये म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात ड्रायव्हर घालून बसतो. नव्या फाइलमधला नियम २१ घटक तपासायला सांगत होता आणि ड्रायव्हरमधल्या कोडला मिळत होते २०. एकविसावा शोधताना तो स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. साधा प्रोग्राम असं करतो तेव्हा तो एकटा बंद पडतो. कर्नलमधल्या कोडने असं केलं की अख्खं यंत्र थांबवण्यावाचून विंडोजला गत्यंतर नसतं. हा ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच आत येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तेच. दुरून दुरुस्ती करू शकणारे व्यवस्थापनाचे एजंट त्या यंत्रांवर होतेच, पण त्यांना जाग येण्याआधीच यंत्र कोसळत होतं. अखेर माणसं एकेका संगणकापाशी गेली, सेफ मोडमध्ये शिरली, ती एक फाइल पुसून आली. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाइप करायची. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस राबलेल्या आयटीवाल्यांच्या कष्टांची नोंद कुठेच नीट झालेली नाही, याची मला खंत आहे.

अधिकाराची दुसरी बाजू २ जुलै २०२१ ला दिसली होती. कसेया या कंपनीच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये खंडणीखोर शिरले आणि त्यांनी त्याच एजंटांमार्फत विंडोज यंत्रांवर रॅन्समवेअर पाठवलं. एजंटने आपलं नेहमीचं काम केलं: वरून आलेला हुकूम पाळला. स्वीडनमधल्या कोऑप या दुकानसाखळीची सुमारे ८०० दुकानं बंद राहिली, कारण बिलिंग मशीनं चालेनात. आणि त्याआधी २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने न्हावाशेव्याच्या बंदरातल्या मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं, तेव्हाही तीच गोष्ट. तो ज्या फटीतून शिरत होता तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण नॉटपेट्या एका यंत्रावरून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचा आणि विंडोजच्या व्यवस्थापनाच्या अधिकृत वाटेने शेजारच्या यंत्रात जायचा. पॅच केलेली यंत्रंसुद्धा पडली.

ॲपलने एजंटच्या अमर्याद अधिकारांचा हा प्रश्न मुळाशी जाऊन सोडवायचा प्रयत्न केला. २०१५ पासून मॅकवर रूट, म्हणजे युनिक्सच्या जगातलं सर्वशक्तिमान खातं, सर्वशक्तिमान राहिलेलं नाही. सिस्टिमच्या फाइलींना तेही हात लावू शकत नाही. २०१९ मध्ये ॲपलने बाहेरच्या कंपन्यांना सांगितलं की कर्नलमध्ये कोड घालणं आता थांबवा, आम्ही बाहेर बसून पाहायची अधिकृत खिडकी देतो. त्या खिडकीचं नाव एंडपॉइंट सिक्युरिटी. एजंट तिथून सगळं पाहू शकतो, काही गोष्टी रोखूही शकतो, आणि त्यात चूक झाली तर बहुधा तो प्रोग्राम मरतो, यंत्र नव्हे.

याची किंमत एजंटने मोजली. मॅकवर तो रूट म्हणून बसला तरी वापरकर्त्याची कागदपत्रं वाचायला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ वेगळा लागतो. तो नसेल तर एजंट चालू असतो, चेक-इन करतो, कन्सोलवर हिरवा दिसतो, आणि अर्धी डिस्क त्याने पाहिलेलीच नसते. ही परवानगी कंपनी दुरून देऊ शकते, पण एजंटच्या मार्फत नाही. त्यासाठी एमडीएम लागतो, म्हणजे मॅकमध्ये ॲपलने स्वतःच बसवलेली व्यवस्थापनाची यंत्रणा. कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी तर एमडीएमसुद्धा देऊ शकत नाही, फक्त नाकारू शकतो. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही तेच. तिथे शेवटचं बटण माणसानेच दाबायचं. हेल्पडेस्कवरून दूर बसून मॅक दुरुस्त करताना समोर काळा पडदा आला, तर आधी इथे पाहावं.

एमडीएमची चाल समजून घेण्यासारखी आहे. कंपनीचा सर्व्हर मॅकला थेट हुकूम देत नाही. तो ॲपलच्या पुश सेवेला सांगतो आणि ॲपल मॅकला नुसता मिस्ड कॉल देतं. त्यात मजकूर काहीच नसतो. अर्थ इतकाच की तुझ्या सर्व्हरला फोन कर. मग मॅक स्वतः सर्व्हरशी संपर्क साधून हुकूम घेतो. ऑफिसच्या फायरवॉलने ५२२३ हा पोर्ट आणि १७ ने सुरू होणारे ॲपलचे आयपी पत्ते अडवले असतील तर हा कॉल पोचतच नाही. या सेवेचं प्रमाणपत्र दर वर्षी, त्याच ॲपल खात्यातून, नूतनीकरण करावं लागतं. ज्याच्या नावाने ते काढलं तो कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि खात्याचा पासवर्ड कुणाकडे नसला, तर सगळी यंत्रं नव्याने नोंदवत बसायची वेळ येते. हे खातं व्यक्तीच्या नावाने कधीही काढू नये, विभागाच्या नावाने काढावं.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर आणखी एक गाठ आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट टाकायला यंत्राच्या ‘मालक’ वापरकर्त्याचा पासवर्ड लागतो, किंवा एमडीएमकडे आधीच जमा केलेलं बूटस्ट्रॅप टोकन. रूट असलेला एजंट इथे हात जोडून उभा राहतो. विंडोजवर चालणारी ‘रात्री दोन वाजता सगळ्यांना अपडेट टाकून रीबूट’ ही पद्धत मॅकवर जशीच्या तशी उतरत नाही, ती याच कारणाने.

लिनक्सची गोष्ट वेगळ्या वळणाची. एमडीएमसारखी अंगभूत यंत्रणा तिथे नाही आणि परवानगी देणारी कुठली मध्यवर्ती कंपनीही नाही. रूट तिथे खराच रूट आहे. म्हणून यंत्रांचे ताफे सांभाळायची कला लिनक्स-युनिक्सच्या लोकांनी स्वतःच घडवली. १९९३ मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. ‘काय कर’ असं यंत्राला सांगण्याऐवजी ‘तू कसं असायला हवंस’ ते लिहून ठेवायचं आणि तिथवर कसं पोचायचं ते यंत्राने पाहायचं, हा विचार तिथे रुजला. २००५ मध्ये आलेल्या पपेटचा एजंट दर ३० मिनिटांनी आपलं रूप त्या लिखित रूपाशी ताडून पाहतो. २०१२ मध्ये आलेल्या अँसिबलने तर एजंटच काढून टाकला. एसएसएच या दुरून जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने आत जायचं, काम करायचं, बाहेर यायचं. मला ही वाट मनापासून आवडते, पण ती सदैव चालू असलेल्या सर्व्हरांना शोभते. झाकण मिटून बॅगेत पडलेल्या लॅपटॉपच्या दारावर बाहेरून कितीही थापा मारल्या तरी उपयोग नाही. तिथे आतून स्वतः संपर्क करणारा एजंटच हवा.

लिनक्सवरची सगळ्यात फसवी जागा म्हणजे आवृत्तीचा आकडा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची १.१.१ ही मालिका चालते. ओपनएसएसएल प्रकल्पाने या मालिकेची सर्वसाधारण देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. आकडे ताडून पाहणारा एजंट म्हणतो, ‘कालबाह्य, धोकादायक’, आणि लाल खूण देतो. प्रत्यक्षात रेड हॅट नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत मागे नेऊन घालत असतं आणि मुख्य आकडा तोच ठेवतं. डेबियन आणि उबुंटूही असंच करतात. म्हणून लिनक्सवर एजंटने त्या त्या वितरकाची सुरक्षा-यादी वाचायला हवी. न वाचणारा एजंट शेकडो खोट्या लाल खुणा देतो, आणि मग लोक खऱ्या लाल खुणेकडेही बघेनासे होतात.

उलट दिशेची फसवणूक याहून घातक. विंडोजवर वापरात असलेली फाइल सहसा बदलता येत नाही, म्हणून तो रीबूट मागतो. लिनक्सवर फाइल खुशाल बदलते. मात्र आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. नवं कर्नल डिस्कवर येऊन पडतं, पॅकेजच्या यादीत नवा आकडा दिसतो, कन्सोलवर हिरवी खूण उमटते, आणि यंत्र महिनोन्महिने जुन्याच कर्नलवर चालत राहतं. एजंट ‘काय बसवलं आहे’ तेवढंच विचारतो की ‘आत्ता काय चालू आहे’ हेही विचारतो, हे तपासल्याशिवाय लिनक्सच्या हिरव्या खुणेवर मी तरी विसंबणार नाही.

आपल्या देशात हा प्रश्न आता फक्त सर्व्हरांचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आणि तिच्या जोडीला ‘चक्रव्यूह’ ही एंडपॉइंट सुरक्षा आणायचा निर्णय घेतल्याचं प्रसिद्ध झालं. टेबलावरचा लिनक्स वाढेल तसा त्याला सांभाळणारा एजंट आपल्याला नीट समजून घ्यावा लागेल.

फोनबद्दल थोडक्यात. आयफोनवर बाहेरच्या कंपनीचा खरा एजंट नसतोच. २०१० च्या आयओएस ४ पासून व्यवस्थापन ॲपलच्या एमडीएमकडूनच चालतं, आणि कंपनीचं ॲप इतर कुठल्याही ॲपसारखंच आपल्या कुंपणात बसतं. अँड्रॉइडवर एजंट ॲपच्या रूपाने असतो, पण फोनचा पूर्ण ताबा त्याला फक्त कोऱ्या, रीसेट केलेल्या फोनवरच मिळतो. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर तो वर्क प्रोफाइलपुरता राहतो. खासगी बाजूची ॲप्स, फोटो, मेसेज त्याला दिसत नाहीत. ‘ऑफिसने माझ्या फोनवर काहीतरी टाकलंय, ते माझं व्हॉट्सॲप वाचतात का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला आयटी विभागाने हे एका ओळीत सांगायला हवं. ते सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

हे सगळे भेद एका ठिकाणी बघायचे असतील तर ऑस्क्वेरी वापरून पाहावं. फेसबुकने २०१४ मध्ये खुला केलेला हा एजंट संपूर्ण संगणकाला डेटाबेससारखं मांडतो आणि एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारू देतो. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो. पण ‘या यंत्रावर कोणती सॉफ्टवेअर आहेत?’ हा साधा प्रश्न विचारायला गेलात की विंडोजवर ‘प्रोग्राम्स’ या टेबलाकडे जावं लागतं, मॅकवर ‘ॲप्स’कडे, उबुंटूवर डेब पॅकेजेसकडे आणि रेड हॅटवर आरपीएम पॅकेजेसकडे. चौघांचे रकानेही सारखे नाहीत. ज्या कन्सोलवर या चौघांची मिळून एकच सुबक यादी दिसते, तिथे कुणीतरी हे फरक पुसून टाकलेले असतात, आणि पुसताना काय हरवलं ते यादीत लिहिलेलं नसतं.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या सहा तासांत पहिला प्रश्न असतो की किती यंत्रं बाधित आहेत, आणि उत्तर एजंटकडूनच येतं. आणि त्या उत्तराचा पायाही स्थिर नाही: ॲपलच्या पाठोपाठ मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर काम करता यावं यासाठी योजना जाहीर केली, म्हणजे विंडोजवरच्या खुणेचा अर्थही येत्या काळात बदलत जाणार.

तुमच्या संस्थेत असं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरत असेल, तर विक्रेत्याच्या ‘सर्व प्लॅटफॉर्मना सपोर्ट’ या ओळीवर थांबू नका. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा रकाना असलेला तक्ता लेखी मागा: एजंट कुठे बसतो, काय पाहू शकत नाही, आणि खूण हिरवी करण्याआधी नेमकं काय तपासतो. मग तुमच्याकडच्या प्रत्येक प्रकारच्या एका यंत्रावर मुद्दाम एक जुनं, पॅच नसलेलं सॉफ्टवेअर टाका आणि कन्सोलवर खूण लाल होते का ते पाहा. जिथे ती हिरवीच राहील, तिथल्या यंत्रांची तपासणी एजंटवर सोडू नका.